घंटी वाजेपर्यंत

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळावर राख, डोक्यात शांतता. यंदाच्या प्रायश्चित्तकाळात राग सोडला. गेल्या वर्षी साखर सोडली होती, त्यामुळे राग वाढला होता. म्हणजे दोष साखरेचा.

कन्फेशनला म्हातारे फादर म्हणाले, बाळ, राग आला की बोलू नकोस, लिही. ईस्टरपर्यंत एवढंच कर. मी बावन्न वर्षांचा आहे, पण त्यांनी मला पाच वर्षं लॅटिन शिकवलंय, त्यामुळे 'बाळ' चालतं. म्हणून ही वही. कोणी वाचायची नाही.

संकल्प: १. पहाटे उठणे. २. लॅटिन व्याकरण पुन्हा काढणे. ३. ऑफिसात आवाज न चढवणे.

चर्चच्या पार्किंगमध्ये एकानं माझ्या स्कूटरच्या मागे गाडी आडवी लावली होती. एक शब्द बोललो नाही. फक्त हॉर्न वाजवला. बराच वेळ. हॉर्न म्हणजे बोलणं नव्हे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

उठायला उशीर झाला. पहाट उद्यापासून.

शाळेचं सर्क्युलर आलं. पुढच्या वर्षीपासून लॅटिनचा वर्ग बंद. वादसभा बंद. त्या खोलीत रोबोटिक्सची लॅब.

सर्क्युलर चुरगाळून त्याच्यावरच वही ठेवलीय, म्हणून अक्षर असं.

ही माझी शाळा. आता माझी मुलगी तिथे नववीत आहे, लॅटिन घेतलेल्या मोजक्या मुलांपैकी एक. आणि वादसभा बंद? ज्याला वादसभा म्हणजे काय हे माहीत नाही त्याला काय कळणार! दोन माणसं समोरासमोर उभी. दोघांपुढे एकेक पितळी घंटी. मला उत्तर द्यायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं माझ्या तोंडून सांगायचं, अगदी त्याला हवं तसं. त्याला पटलं की तो त्याच्यापुढची घंटी वाजवतो. ती वाजेपर्यंत स्वतःचं मत काढायचं नाही. तीन वेळा सांगूनही वाजली नाही तर तुम्ही हरलात, खाली बसा. शेकडो वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांची पद्धत. यातून माणूस घडतो. संयम, मुद्देसूदपणा, दुसऱ्याचं ऐकून घेणं. मी जो काही आहे तो यामुळे आहे!

हे सगळं मी स्वयंपाकघरात सांगितलं. बायको म्हणाली, हळू, शेजारचं बाळ आत्ताच झोपलंय.

मुलगी म्हणाली, बाबा, प्राचार्यांची अडचण रोबोटची नाहीचे मुळी. मी म्हणालो, नंतर. मी बोलत होतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मी वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरात तक्रार विभागाचा प्रमुख आहे. बारा टेबलं, बारा फोन, भिंतीवर फाटलेल्या पाइपांचे नमुने. आज हेड ऑफिसनं एक ट्रेनर पाठवली. टाचांचा आवाज करत आली आणि म्हणाली, यापुढे ग्राहकाला उत्तर देण्याआधी प्रत्येकानं म्हणायचं, 'म्हणजे तुमचं म्हणणं असं की', आणि त्याची तक्रार आपल्या शब्दांत परत सांगायची. तो 'हो' म्हणाला की मगच उत्तर.

असला पोरकटपणा आयुष्यात पाहिला नाही. मी उभा राहून म्हणालो, मॅडम, मी क्लासिकल शिक्षण घेतलेला माणूस आहे, आमच्या वेळी असली पोपटपंची नव्हती. ट्रेनर म्हणाली, म्हणजे सर, तुमचं म्हणणं असं की ही पद्धत तुम्हाला कृत्रिम वाटते? मी म्हणालो, हो!

ऑफिसातली पोरं का हसली कळलं नाही. आवाज चढवला नाही. फक्त उभ्यानं बोललो, त्यामुळे तसं वाटतं.

रविवार, २२ फेब्रुवारी

चर्चमधल्या मिस्सानंतर मेहुणा जेवायला. तो टेक्निकल शाळेत शिकला. दोन गॅरेज आहेत त्याची, त्यामुळे स्वतःला तत्त्वज्ञ समजतो. म्हणाला, दाजी, एवढं लॅटिन शिकलात, मग 'मशीनमधून पाणी गळतंय' हे लॅटिनमध्ये कसं म्हणतात? तुमच्या धंद्यातलं विचारतोय हो.

मी म्हणालो, ज्या भाषेत हजारो वर्षं देवाशी बोलले, तिच्यात तुझ्यासारख्यांशी गळतीच्या गप्पा मारत नाहीत. तेवढ्यात मुलीनं पाण्याचा जग भरता भरता ते वाक्य सांगितलं. लॅटिनमध्ये. मेहुण्यानं टाळी वाजवली. बायकोनंही.

मी म्हणालो, उच्चार सुधार.

चमचा टेबलावर ठेवला. थोडा जोरात ठेवला गेला. चमचा जड होता.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मुलगी लॅटिनचा उतारा घेऊन आली, एक ओळ अडली म्हणाली. मी म्हणालो, आयतं दिलं की डोकं गंजतं, स्वतः सोडव. ती गेल्यावर तिचं पुस्तक बाथरूममध्ये नेऊन पाहिलं. पुस्तक बदललंय. नवीन आवृत्ती दिसते. आमच्या वेळी शब्द इतके लांब नव्हते.

आमो, आमास, आमात. लॅटिनचा पहिला धडा, अजून तोंडपाठ! पाया पक्का असला की बाकीचं आपोआप येतं. उद्यापासून बाकीचं.

बायको बाहेरून म्हणाली, आत कोणाशी बोलताय?

रविवार, १ मार्च

मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये पालकांची बैठक. प्राचार्य फादर तरुण आहे, पांढऱ्या झग्याखाली खेळायचे बूट घालतो. म्हणाला, लॅटिन बंद करण्याबद्दल कोणाला हरकत असेल तर आपल्या जुन्या रिवाजानं वादसभेतच मांडा. एकवीस मार्चला. हरकत घेणाऱ्यांकडून एक वक्ता, समोर मी. तुमचा मुद्दा टिकला तर वर्ग टिकला.

मी उठणारच होतो, तेवढ्यात म्हातारे फादर काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडून ही बोलेल. आणि माझ्या मुलीकडे बोट केलं.

पोर! चौदा वर्षांची! प्राचार्यासमोर! शाळेचं भवितव्य काय खेळ आहे? मी जाहीर केलं, मी बोलेन. माजी विद्यार्थी, पालक, आणि तीस वर्षं रोज तक्रारी हाताळणारा माणूस. यापेक्षा अनुभवी वक्ता कुठून आणणार? कोणी काही बोललं नाही. म्हणजे मान्य.

म्हातारे फादर माझ्याजवळ येऊन म्हणाले, बाळ, तिला विचारलंस का? मी म्हणालो, फादर, घरचाच तर मामला आहे.

मुलगी गाण्यांचं पुस्तक छातीशी धरून उभी होती. घरी आल्यावर खोलीचं दार लावून घेतलं. अभ्यास करत असणार.

बायको म्हणाली, धन्य आहे तुमची. कौतुकच असावं.

गुरुवार, ५ मार्च

भाषण लिहायला घेतलं. भाषण कसलं, वीज आहे. पहिल्याच वाक्यात प्राचार्याचा निकाल लागतो. दुसऱ्यात रोबोटचा.

मुलगी दारात आली. म्हणाली, बाबा, मी प्राचार्यांना भेटून आले. त्यांना लॅटिन आवडतं. स्वतः सात वर्षं शिकलेत ते. पण त्यांचं म्हणणं असं आहे की...

मी म्हणालो, थांब! सभेआधी शत्रूच्या गोटात जायचं नसतं. तो गोड बोलून तुला फिरवणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

ती म्हणाली, मी शेंबडी नाही. आणि ते शत्रू नाहीत.

बायको आतून म्हणाली, शत्रू कसले? तुमच्या आईच्या अंत्यविधीला पाऊण तास भर उन्हात उभे होते. मला कळलं, सगळे एक झाले आहेत. घरात मी एकटा आहे.

राग नाही. नोंद करतोय फक्त.

रविवार, ८ मार्च

भाषण ऐकवायला म्हाताऱ्या फादरांच्या खोलीवर गेलो. खुर्ची नव्हती, सगळीकडे पुठ्ठ्याची खोकी दोरीनं बांधून ठेवलेली. एकावर बसलो आणि अथपासून इतिपर्यंत वाचलं. फादर मधे मधे खोकत होते. भावना दाटून आल्या असणार.

वाचून झाल्यावर म्हणाले, बाळ, या खोलीत तुला काय दिसतं?

मी नीट पाहिलं. म्हणालो, धूळ फार झालीय. कोणाला तरी पाठवतो झाडायला.

फादर पोट धरून हसले, मग पुन्हा खोकले. म्हणाले, झाडून घे, झाडून घे. पायरीपर्यंत सोडायला आले. त्या वयात एवढं कोण करतं? भाषण लागलं त्यांना.

गुरुवार, १२ मार्च

अन्याय. लिहितो.

सकाळी एका बाईचा फोन. याच महिन्यात चौथ्यांदा. नाव ऐकताच ओळखलं. ती 'साहेब, त्या मशीनचं ना' एवढं म्हणाली आणि मी सुरू केलं: पावडर जास्त टाकता, कपडे कोंबता, फिल्टर वर्षानुवर्षं साफ करत नाही, आणि मग आम्हाला छळता! बाई म्हणाली, साहेब, मशीन मस्त चालतंय, तुमच्या मेकॅनिकचे आभार मानायला फोन केला होता, पण आता राहू द्या.

आभार मानायचेच असतील तर पहिल्या शब्दात मानावेत ना! 'त्या मशीनचं ना' ही काय आभाराची सुरुवात झाली?

ट्रेनरनं रेकॉर्डिंग ऐकलं. आता मला आठवडाभर 'ऐकण्याचा सराव'. हेडफोन लावून बसायचं, दुसऱ्यांचे कॉल ऐकायचे, बोलायचं नाही. तक्रार विभागाच्या प्रमुखानं! पोरं येता जाता विचारतात, म्हणजे सर, तुमचं म्हणणं असं की तुम्हाला चहा हवाय?

हवा होता. नाही म्हणालो.

मंगळवार, १७ मार्च

दिवसभर हेडफोन. भयंकर कंटाळा. मात्र फायदा झाला. कॉल चालू असताना मनातल्या मनात भाषणाची उजळणी होते. एकही कॉल लक्षात नाही.

शुक्रवार, २० मार्च

सूट इस्त्री करून आणला. गळ्यासाठी गरम पाण्याच्या गुळण्या.

मुलीनं चहा आणला आणि समोर बसली. म्हणाली, बाबा, एक वाक्य सांगते. एकच. ते उद्या बोलायच्या आधी ऐका. मी म्हणालो, उद्या जिंकून आलो की शंभर वाक्यं सांग, बसून ऐकेन. आज डोक्यात नवीन काही घालू नकोस, रचना बिघडते.

तिनं रिकामा कप उचलला. माझा अजून भरलेला होता, तोही उचलला.

लाडकी आहे. बाप जिंकावा म्हणून धडपडते.

शनिवार, २१ मार्च, सकाळी

आवाज उत्तम. सूट पोटावर किंचित घट्ट, पण बटण न लावता भारदस्त दिसतो. हरणं अशक्य.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हे लोक! हे, हे लोक!

क्रमानं लिहितो. क्रम ही आमच्या शिक्षणाची देणगी आहे.

हॉल भरला होता. मेहुणा मागच्या बाकावर, खास गॅरेज बंद करून आलेला. म्हातारे फादर मधोमध खुर्चीत. प्राचार्यापुढे ती पितळी घंटी.

पहिली खेप. मी म्हणालो, प्राचार्यांचं म्हणणं असं की ज्यातून पैसा मिळतो तेच शिक्षण. प्राचार्य म्हणाला, नाही, हे माझं म्हणणं नाही. घंटी वाजली नाही.

दुसरी खेप. मी म्हणालो, प्राचार्यांना प्रार्थनेपेक्षा प्रोग्रॅमिंग मोठं वाटतं, उद्या वेदीवरही रोबोट उभा करतील. हॉल हसला. हॉल माझ्या बाजूला होता! प्राचार्यही हसला आणि म्हणाला, हेही नाही. मग पुढे वाकून अगदी हळू म्हणाला, सर, माझी अडचण काय आहे हे तुम्ही मलाच विचारलंत तरी नियमात बसतं.

सापळा! समोरचा गोड झाला की सापळा असतो. मी ओळखला. विचारलं नाही.

तिसरी खेप. त्याचं म्हणणं सांगण्यात वेळ का घालवू? मी थेट मुद्द्यावर आलो. हात पसरून, पूर्ण आवाजात म्हणालो, या शाळेनं मला दुसऱ्याचं ऐकायला शिकवलं!

मागून मेहुण्याला ठसका लागला. मग सगळ्या रांगेलाच लागला.

घंटी वाजली नाही. म्हातारे फादर उठले, घंटी उचलून तिच्या मखमली डबीत ठेवली आणि डबी मिटली. संपलं. वर्ग बंद.

खरा संताप पुढे आहे. बाहेर पॅसेजमध्ये प्राचार्यानं माझ्या मुलीला विचारलं, तू काय बोलणार होतीस? ती म्हणाली, तुमचं म्हणणं असं की म्हातारे फादर ईस्टरच्या आधी वृद्धाश्रमात जाताहेत, त्यांच्यानंतर शिकवायला माणूस नाही, तुम्हाला स्वतःला कामातून सवड नाही, आणि माणूस नसताना वर्ग नुसता नावाला ठेवणं ही मुलांची फसवणूक आहे. लॅब ही फक्त रिकाम्या खोलीची सोय.

प्राचार्याच्या हातात घंटी नव्हती, तरी त्यानं हवेत वाजवल्यासारखा हात हलवला.

मग ती म्हणाली, आणि माझं उत्तर असं की गणिताच्या सिस्टर मठात लॅटिन शिकल्यात. वर्ग प्रार्थनेच्या आधी घेतला तर त्या शिकवायला तयार आहेत. मी विचारून आलेय.

प्राचार्य बुटांकडे बघत म्हणाला, हे आत बोलली असतीस तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तीन खेपांत पडलेली हरकत त्या वर्षी पुन्हा घेता येत नाही. हा नियम मी मोडला तर कोणता रिवाज वाचवला म्हणायचा? पुढच्या वर्षी मांड, वादसभा नसली तरी माझ्या ऑफिसात.

पुढच्या वर्षी ती दहावीत. मांडून वर्ग सुरू होईपर्यंत शाळा सोडून गेलेली असेल.

आता सांगा, हे मला आधी कोणी सांगायला नको? एका घरात राहतो आम्ही! एका टेबलावर जेवतो!

स्कूटरवर ती मागे बसली, पण माझा खांदा धरला नाही. मागची सळी धरली.

रविवार, २२ मार्च

बायकोला म्हणालो, या घरात मला कोणी काही सांगत नाही. ती म्हणाली, तीनदा सांगायला आली होती पोर. मी म्हणालो, अशक्य, पुरावा दे.

वही चाळली. एकोणीस फेब्रुवारी. पाच मार्च. काल परवाची वीस मार्च. कोणीतरी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलंय.

जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही.

गुरुवार, २६ मार्च

हेडफोनचा आठवडा संपला होता. मीच आणखी दोन दिवस मागून घेतले. ट्रेनर म्हणाली, म्हणजे सर, तुमचं म्हणणं असं की तुम्हाला अजून ऐकायचंय? मी म्हणालो, हो.

या खेपेला पोरं हसली नाहीत, याचाच राग आला.

रविवार, २९ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आदला. म्हातारे फादर वृद्धाश्रमात गेले. खोकी मी उतरवली. ज्याच्यावर बसून भाषण वाचलं होतं ते सगळ्यांत जड निघालं. बसल्यानं एक कोपरा चेपला होता. आत लॅटिनची पुस्तकं. फादर म्हणाले, झाडून झालं का रे? मी म्हणालो, नाही फादर. ते म्हणाले, सावकाश. मग घंटीची डबी माझ्या मुलीच्या हातात दिली आणि गाडीत बसले. मला काही दिलं नाही.

घरी मुलगी घंटी पुढ्यात घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी समोर बसलो. मीच सुरू केलं.

म्हणालो, म्हणजे तुझं म्हणणं असं की मी हरलो म्हणून तुला वाईट वाटतंय. ती म्हणाली, नाही.

म्हणालो, तुझं म्हणणं असं की मी तुझी जागा घेतली, पण माझा हेतू चांगला होता. ती म्हणाली, 'पण'च्या पुढचं तुमचं आहे, बाबा. माझं नाही.

खूप वेळ विचार केला. भाषणाला एवढा केला नव्हता. मग म्हणालो, तुझं म्हणणं असं की तुला लॅटिन हवं होतं, ते टिकवायला काय करायचं हे तुला ठाऊक होतं, आणि मी...

टिंग.

मी खुर्चीवरून उठलोच! बायकोला म्हणालो, ऐकलंस? वाजली! बायको म्हणाली, मशीन झालं. कपडे काढा.

बाथरूममध्ये मशीनचा दिवा लुकलुकत होता. मुलीचे हात मांडीवर होते. घंटी होती तिथेच होती. ती म्हणाली, घरात तीनचा नियम नाही. वाक्य अर्धं राहिलं तुमचं. परत सांगा.

ओले कपडे घेऊन गॅलरीत गेलो. चिमटे द्यायला ती बरोबर आली. तिच्याच शाळेचा शर्ट झटकता झटकता पुन्हा सुरू केलं. कसं कोण जाणे, वाक्य प्राचार्याच्या बुटांवर गेलं. चौथी खेप चुकली.

राग आला नाही, असं लिहिलं होतं. खोडलं. आला. बोललो नाही, लिहिला.